डावं-उजवं: पाच निपलच्या बादलीचा महिनाभराचा अनुभव

करडांना दूध पाजायची पाच निपलची बादली मी जानेवारीत ऑनलाइन मागवली. घरपोच १,२९० रुपये पडले. पाचपैकी तीन तारे देतेय, आणि त्यातला एक खरं तर आईचा आहे, ते पुढं येईल. कंपनीचं नाव लिहीत नाही. एकाच साच्यातनं निघालेल्या असल्या बादल्या चार-पाच नावांनी विकायला आहेत. फोटोत पांढरी बादली आणि सभोवती लाल निपलं दिसली की तीच समजा.

माझं गाव तुळजापूर तालुक्यात. मी अंगणवाडी सेविका, आणि दावणीला लहानमोठ्या चौदा उस्मानाबादी शेळ्या. उस्मानाबादीला जुळी होण्यात नवल नाही. एकच करडू झालं तर आमच्याकडं शेजारीण हळहळते. पण तानीनं ११ जानेवारीच्या पहाटे तीन दिली. पहिला बोकड, २.४ किलो. त्याच्यामागं दहा मिनिटांनी पाट, म्हणजे मादी, २.१ किलो. आता जार पडेल म्हणून मी पाणी तापवायला चुलीकडं गेले, परत येऊन बघते तर गोणपाटाच्या कडेला तिसरं पडलेलं. ओलं, गार, दीड किलोचं. तीही पाट. तानी तिच्याकडं पाठ करून पहिल्या दोघांना चाटत उभी.

शेळी करडू वासानं ओळखते. व्याल्याबरोबर चाटताना तो वास तिच्या डोक्यात बसतो, आणि ती वेळ फार थोडी असते. माझी मुलगी उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. तिला फोन लावला तर ती म्हणाली, आई, १९६० च्या दशकात पीटर क्लॉप्फर नावाच्या अमेरिकी माणसानं हेच तपासलं होतं. व्याल्या-व्याल्या पाच मिनिटं जरी करडू शेळीजवळ राहिलं तरी नंतर ती त्याला घेते. ती पाच मिनिटं हुकली आणि काही तासांनी करडू पुढं केलं, तर बहुतेक शेळ्या ढुशी देऊन हाकलतात. माझी पाच मिनिटं चुलीपाशी गेली होती.

मग जे सगळे करतात ते केलं. तिसरीच्या अंगाला मीठ चोळलं, म्हणजे तानी चाटेल. चाटलं तिनं, पण मिठापुरतं. मीठ संपलं की शेपटीखाली हुंगलं आणि शिंग लावलं. तानीला धरून चीक काढला आणि सुई काढलेल्या सिरिंजनं तिसरीला पाजला. पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला नाही तर पुढं औषधाला कितीही पैसे घाला, उपयोग नाही. नावं ठेवायची वेळ आली तेव्हा कुणाला डोकं चालवावं लागलं नाही: पैलवान, ठकी आणि बारकी.

शेळीला सड दोनच. डावं पैलवाननं धरलं, उजवं ठकीनं. दोन दिवसांत वहिवाट ठरली, कोण कुणाच्या बाजूला जात नव्हतं. बारकीनं तिसऱ्या दिवशी एक युक्ती शोधली. ती मागनं, तानीच्या दोन पायांच्या मधनं तोंड घालायची. शेळी दूध पाजताना मान वळवून करडाची शेपटी हुंगते, ती बाजूनं उभ्या राहिलेल्या करडाची. मागनं आलेल्याचा वास तिला घेता येत नाही. असे चोरून चार घोट मिळायचे. मग लाथ.

म्हणून बादली.

आता बादलीबद्दल. आठ लिटरची, वर झाकण, कडेनं सारख्या अंतरावर पाच भोकं, त्यात लाल रबरी निपलं. प्रत्येक निपलाला आतनं एक पारदर्शक नळी, ती तळाकडं सोडलेली. करडं गोल उभी राहतात आणि आपापल्या निपलातनं ओढतात. प्लास्टिक जाड आहे, महिनाभर ढुशा खाऊनही तडा नाही. यात खोट काढायला जागा नाही. माहितीत दोन निपलं जादा मिळतील असं लिहिलं होतं, ती आली नाहीत.

निपलाच्या टोकाला भोक नसतं, ते आपण पाडायचं, आणि हे कुठंच लिहिलेलं नाही. पहिलं मी कात्रीनं कापलं, मोठं झालं. ठकीनं ओढलं तसं दूध धारेनं आलं, तिला ठसका लागला, नाकातनं दूध बाहेर. दूध छातीत उतरलं तर करडू दोन दिवसांत जातं. नवीन ब्लेडच्या टोकानं नुसती फुली मारा, इतकी बारीक की निपल दाबल्याशिवाय दिसू नये. करडाला ओढायला कष्ट पडले पाहिजेत.

निपलाच्या बुडाशी एक छोटी झडप असते, चढलेलं दूध परत खाली जाऊ नये म्हणून. माझ्या पाचांपैकी एकाला ती नव्हतीच. हे कळायला दोन दिवस गेले. त्या निपलावर जो येईल तो शेपटी न हलवता ओढत राहायचा. करडाच्या तोंडात दूध आलं की शेपटी हलते, हे मीटरच समजा. शेपटी थांबलेली दिसली म्हणून मी निपल उपटून बघितलं. तक्रार केली तर व्हिडिओ मागितला, मग दुसऱ्या कोनातनं व्हिडिओ मागितला, नवव्या दिवशी नवीन निपल पाठवलं. आलं हे खरं. तोवर दोऱ्यानं बांधून ते भोक बंद.

उंची नीट ठेवा. निपल करडाच्या नाकापेक्षा चार बोटं वर हवं. मान ताणून, तोंड वर करून चोखलं की आत एक पन्हळ मिटते आणि दूध पहिल्या मोठ्या पोटात न सांडता थेट चौथ्यात जातं. ताटलीत ओतून लपालपा प्यायला लावलं तर ते भलत्या पोटात पडतं, नासतं, पोट फुगतं. मी बादली लाकडी खोक्यावर ठेवली. करडं वाढतील तसं खोकं बदलायचं.

धुणं हा मोठा वैताग आहे. नळ्यांत दूध राहतं आणि संध्याकाळपर्यंत आंबट वास सुटतो. सोबत ब्रश नाही. दोऱ्याला चिंधी बांधून, दोरा नळीतनं ओढून काढते, पाचही नळ्या, दिवसातनं दोनदा, कढत पाण्यानं. वीस मिनिटं जातात. ज्यांच्या घरी वीस मिनिटं नाहीत त्यांनी ही बादली घेऊ नये.

इथवर सगळे लिहितात तसंच. खरी खोट मला पंधराव्या दिवशी कळली, वजन केलं तेव्हा.

वजन करायची माझ्या हाताला सवय आहे. महिन्याला गावातल्या चाळीस लेकरांना काट्यावर चढवते. तोच हात करडांना लावला. ताणकाटा, त्याला झोळी, झोळीत करडू. बादली पाचव्या दिवशी आली होती. शेळ्या दहाला चरायला जातात त्या पाचला येतात, मधल्या वेळात दोनदा गाईचं कोमट दूध बादलीतनं. तानीची तीन आणि कपिलीची जुळी, पाच करडं, पाच निपलं, प्रत्येकी दीडशे मिली धरून पाऊण लिटर दूध. हिशेब चोख. पंधराव्या दिवशी पैलवान ४ किलो, ठकी ३.४, कपिलीची दोघं साडेतीनच्या आसपास. आणि बारकी १.९. पंधरा दिवसांत चारशे ग्रॅम. तिला रात्री वेगळी बाटली देत होते तरी.

दुसऱ्या दिवशी बादलीशेजारी बसून राहिले. मोबाईल घरात ठेवला आणि नुसतं बघितलं. आठ लिटरच्या बादलीत पाऊण लिटर म्हणजे तळ ओला होतो इतकंच. नळ्यांची टोकं तळाला टेकत नाहीत, बोटभर वर राहतात, त्यामुळं शेवटचं अदपाव दूध कुणालाच मिळत नाही. आणि जे मिळतं ते सगळ्यांचं एकत्र. पैलवान एका दमात ओढतो, त्याचा घोट मोठा. बारकी दोन घोट घेते, थांबते, श्वास घेते, परत धरते. ती श्वास घेत असते तेवढ्यात पैलवान तिच्या वाटणीचं प्यालेला असतो. निपल तिचं, नळी तिची, फक्त दूध त्याच्या पोटात. मग तळ लागला, त्याच्या नळीतनं हवा आली, तसा तो खोक्याला वळसा घालून आला आणि बारकीला खांद्यानं बाजूला सारून तिच्या निपलाला लागला. तिच्यातनंही हवाच आली. ढुशी तिलाच बसली.

वर्णनात लिहिलंय: ‘सर्व पिल्लांना समान दूध.’ समान निपल, असं लिहा.

दूध जास्त ओतून बघितलं. दीड लिटर ओतलं त्या दिवशी भांडण अजिबात नाही. पाचही शेपट्या पंख्यासारख्या, बारकीला कुणी हात लावला नाही. पण पैलवाननं ताणून प्यायलं आणि रात्री हगवण. मुलीला सांगितलं तर तिनं मेक्सिकोतल्या इस्ला इसाबेल बेटाचं सांगितलं. तिथं निळ्या पायांचा एक समुद्रपक्षी असतो, त्याची दोन पिल्लं चार-पाच दिवसांच्या फरकानं निघतात. ह्यू ड्रमंड यांनी १९८९ मध्ये छापलं की थोरल्याचं पोट भरत असेल तोवर तो धाकट्याला दाबात ठेवतो पण फार मारत नाही. थोरल्याचं वजन पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त घटलं की चोच चालायला लागते. म्हणजे पक्ष्याच्या आतच काटा बसवलाय, मी म्हटलं. ती म्हणाली, सगळ्यांत नसतो. आफ्रिकेतल्या व्हेरोच्या गरुडाचं तिनं ऐकवलं, झिंबाब्वेतल्या माटोबो टेकड्यांतलं. दोन अंडी, पहिलं पिल्लू तीन दिवस आधी फुटतं. दुसरं बाहेर आल्यावर थोरल्यानं तीन दिवसांत त्याला मारलेल्या चोची कुणीतरी बसून मोजल्या होत्या, दीड हजाराच्या वर भरल्या. धाकटं मेलं. तिथं खायला असो-नसो, हेच होतं, आणि आई शेजारी उभी असते.

‘ती मधी पडत न्हाई?’ मागनं आईचा आवाज आला. मी फोन स्पीकरवर ठेवला होता.

माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ती आम्हा तिघांकडं वाटून राहते, चार महिने दादाकडं, चार पुण्याला धाकट्याकडं, चार माझ्याकडं. आईची वाटणीही आम्ही सारखी केलीय. जानेवारी ते एप्रिल माझे. दिवसभर गोठ्यासमोर बाज टाकून बसते, काळा चष्मा लावून, आणि करडांचं दूध पिणं बघते. माझ्यापेक्षा जास्त तिनंच बघितलंय.

‘न्हाई पडत, आज्जी,’ मुलगी म्हणाली. ‘पण चांदवे पडतात.’

चांदवे आमच्या पाझर तलावावर हिवाळ्यात येतात, काळे, कपाळावर पांढरा टिळा. त्यांची पिल्लं आम्हाला कधी दिसत नाहीत. पण जिथं असतात तिथं एखादं पिल्लू सारखं पुढं पुढं करून खायला मागायला लागलं की आई-बाप त्याचं डोकं चोचीत धरून गदागदा हलवतात. ते गप्प होतं, मग घास मागच्याला. अमेरिकेतल्या चांदव्यांमध्ये तर मागनं जन्मलेल्या पिल्लांची पिसं जास्त केशरी असतात आणि आई-बाप त्या केशरी शेंडेफळांना निवडून भरवतात, असं मुलगी म्हणाली.

आईला हे फार आवडलं. ‘तुज्या मामाला म्या असंच धरायची, झिंज्या धरून,’ ती नातीला म्हणाली. ‘पयल्यांदा ताटावर बसायचा आन् शेवटी उटायचा.’

मी काही बोलले नाही. आमच्या घरातली आठवण माझ्या डोक्यात वेगळी आहे. आमची एकच गाय, संध्याकाळचं लिटरभर दूध, त्यातलं चहाला काढून उरेल ते तीन फुलपात्रांत. आई चुलीच्या उजेडात फुलपात्रं ओळीनं मांडायची आणि डोळे बारीक करून कडेला कड लावून ओतायची. मी जमिनीवर गाल टेकवून बघायचे, कुणाचं किती वर आलंय. सारखंच यायचं. पण साय दादाच्या फुलपात्रात पडायची. पातेलं कलतं केलं की साय पहिल्या फुलपात्रात घसरते आणि पहिलं फुलपात्र कायम दादाचं असायचं. ‘मी कधी डावं-उजवं केलं न्हाई,’ हे वाक्य आईनं आयुष्यभर म्हटलंय. आणि मी आयुष्यभर मनात म्हटलंय, साय?

सोळा वर्षांची असताना सप्त्यातल्या एका कीर्तनात शुनःशेपाची गोष्ट ऐकली होती. हरिश्चंद्राच्या मुलाच्या जागी बळी द्यायला मुलगा हवा असतो. उपाशी अजीगर्ताला तीन मुलगे. शंभर गाईंचा सौदा ठरतो. बाप म्हणतो, थोरला देणार नाही. आई म्हणते, धाकटा देणार नाही. उरला मधला. बुवा पुढं देवांची स्तुती, सुटका वगैरे सांगत होते. मी शंभर गाईंपाशीच थांबले होते. मंडपात आई माझ्या शेजारी बसली होती आणि धाकटा तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता. तीन भावंडांतली मी मधली, हे सांगायचं राहिलं.

(बादलीच्या परीक्षणात हे कशाला, असं कुणी म्हणेल. पाच करडांना पंधरा दिवस बादलीतनं दूध पाजून बघा.)

मागच्या दिवाळीला तिघं एकत्र होतो, तेव्हा फुलपात्रांचा विषय निघाला. मी सायीचं बोलले. दादा हसलाच. म्हणाला, माझं फुलपात्र चेपलेलं होतं, विहिरीत पडलेलं. कडेपर्यंत भरलं तरी तुमच्यापेक्षा दोन घोट कमी मावायचं. आणि साय कसली घेऊन बसलीस, तुला बारावीपर्यंत शिकवलं, मला दहावीनंतर औताला जुंपलं. धाकटा म्हणाला, तुम्हा दोघांना फुलपात्रं तरी होती. मला कायम तुमचं उरलेलं, कपडे तुमचे, पुस्तकं तुमची, सायकलसुद्धा ब्रेक गेल्यावर मिळाली. दादाच्या मते लाडका धाकटा, धाकट्याच्या मते मी, माझ्या मते दादा. आई चुलीपाशी होती. तिला विचारलं, आता खरं सांग. ती म्हणाली, भाकरी गार व्हायल्यात, बसा.

मुलीनं नंतर सांगितलं की अमेरिकेत बोस्टनच्या आसपास २००१ पासून जिल सूटर आणि कार्ल पिलेमर यांनी पाचशेहून जास्त म्हाताऱ्या आयांना हेच विचारलं, तुम्हाला सगळ्यात जवळचं कोण. बहुतेकींनी सरळ नाव घेतलं. मग त्यांच्या मोठ्या झालेल्या मुलांना विचारलं, आईनं कुणाचं नाव घेतलं असेल. मुलांचे अंदाज कितीतरी वेळा चुकले. आमच्या घरात तिघांनी तीन नावं घेतली, म्हणजे निदान दोघं चुकलेत. तिघंही चुकलो असू असं नको म्हणू, मी मुलीला म्हटलं, घरात आम्ही तिघंच होतो.

उगाच गोड करून सांगायचं नाही. पंक्तिप्रपंच असतो आणि मी तो काट्यावर बघते. आमच्या अंगणवाडीत मागं एक जुळी होती, मुलगा आणि मुलगी. एकाच दिवशी जन्मलेली, एकाच घरची. दोन वर्षांची झाली तेव्हा मुलगा सव्वाअकरा किलो, मुलगी साडेनऊ. मुलांचं वजन जरा जास्त असतंच, पण एवढं नाही. त्यांची आई शपथेवर सांगायची की दोघांना सारखंच वाढते. घरी गेले तेव्हा बघितलं, ताट एकच होतं आणि दोघं त्यातनंच खात होती. मुलगा आधी अंडं उचलायचा. आई बघत होती आणि तिला त्यात काही दिसत नव्हतं. मी तेव्हा तिला म्हटलं होतं, ताटं दोन कर. बादली घेताना हे माझ्या डोक्यात का आलं नाही, कुणास ठाऊक.

डुकराच्या पिल्लांना ही अडचण नाही, असं मुलगी म्हणते. तिनं कॉलेजच्या वराहपालनात बघितलंय. डुकरिणीला सड भरपूर, पण पुढच्या सडांना दूध जास्त. पिल्लं जन्मतात तीच आठ सुईसारखे दात घेऊन, दोन-चार दिवस एकमेकांना बोचकारतात आणि मग प्रत्येकाचं सड कायमचं ठरतं. बारकं पिल्लू मागच्या सडाला, पण त्याचं ते त्याचं, पुढचा मागं येत नाही. ही बादली करणाऱ्यानं डुकरीण बघितली असती तर आत पाच कप्पे केले असते. विदेशात तसे कप्प्यांचे ट्रे मिळतात, प्रत्येक निपलाचं दूध वेगळं. आपल्याकडं त्या किमतीत करडू येतं.

शेवटी मी बादली परत करायचं ठरवलं. परत घ्यायची मुदत दहा दिवसांची होती, ती संपलेली. मग एक निपल बंद करून बारकीला पूर्ण बाटलीवर घ्यायचं, असं मनाशी ठरवून दुपारचं दूध ओतलं आणि करडं सोडायला गेले. वळून बघते तर आई बाजेवरनं उठून बादलीपाशी बसलेली. एका हातानं खोकं धरलेलं, दुसऱ्या हातात अर्धी वीट. ती तिनं बादलीच्या बुडाखाली एका बाजूनं सारली. बादली कलली. सगळं दूध एका कडेला गोळा झालं.

‘ते बारकीचं निपल हिकडं आन,’ ती म्हणाली.

बारकीचं निपल उताराच्या बाजूला आलं. चढावरच्या दोन नळ्यांची टोकं दुधात जेमतेम. पैलवाननं आपल्या निपलाला तोंड लावलं, आठ-दहा घोट मिळाले, मग हवा. बारकीकडं दूध होतंच. तो वळसा घालून आला तसा आईनं त्याचा मागचा पाय धरला आणि मांडीखाली घेतला. तो ओरडला, तिनं सोडला नाही. बारकीनं दोन घोट घेतले, थांबली, श्वास घेतला, परत धरलं. सात मिनिटं लागली तिला. शेवटी तिच्या नळीतनं खळखळ आवाज आला. शेपटी तोवर एकदाही थांबली नाही.

आईनं पाय सोडला. पैलवान लांब जाऊन उभा राहिला. ‘ह्येला बापाचं मिळंल संध्याकाळी,’ आई म्हणाली. बापाचं म्हणजे तानीचं म्हणायचं होतं तिला. मग दम खाऊन म्हणाली, ‘तानीला दोनच सड. तिसरं कुटनं आणंल ती?’

तेव्हापासून रोज वीट. तीन-चार दिवसांनी पाय धरायची गरज उरली नाही. पैलवान आपलं संपलं की बाजूला जाऊन शेवरीचा पाला चघळायला लागला. बादलीत पाऊण लिटर आणि तेही कलतं, त्यामुळं तळाचं अदपावही वाया जात नाही, हा वरचा फायदा. पस्तिसाव्या दिवशी पैलवान ५.८, ठकी ५.१, बारकी ३.३. पहिल्या पंधरा दिवसांत जिचे चारशे ग्रॅम वाढले, तिचे पुढच्या वीस दिवसांत चौदाशे. अजून ती लहानच दिसते, पण पाठीचे मणके हाताला लागत नाहीत. तानी अजून तिला घेत नाही. बारकी तिच्या पायांमधनं मागनं जातेच, भूक नसली तरी.

तर घ्यावी का? तुमच्याकडं सारख्या वजनाची करडं असतील, चार-पाच जुळी एकदम झाली असतील आणि दूध भरपूर असेल, तर डोळे झाकून घ्या. बाटल्या धरून बसायचा वेळ वाचतो. एखादं अशक्त, तिळ्यातलं, आईनं टाकलेलं करडू असेल तर त्याच्या नावावर ही बादली घेऊ नका. लाल निपलं सुटी मिळतात, सोड्याच्या बाटलीच्या तोंडाला बसतात. तीन निपलं, तीन बाटल्या, दीडशे-दोनशे रुपयांत काम होतं आणि कोण किती प्यालं ते बाटलीवर दिसतं. आल्या-आल्या पाचही निपलांच्या झडपा फुंकून बघा. मुदत दहा दिवसांची आहे, ती पहिल्या दिवसापासून मोजतात, शेळी व्याल्यापासून नाही.

पैलवान आषाढात विकायचा. बारकी राहणार, पाट आहे. आई एप्रिलअखेर पुण्याला जाईल. वीट कुणाच्या बाजूला ठेवायची ते तिनं माझ्या नवऱ्याला दोनदा समजावून सांगितलंय, मला एकदाही नाही.